बल्ब शंभराचा, हात लाखाचा

दिवाळी आली की घरोघर दोन कामे निघतात. एक फराळाचे आणि दुसरे जळमटांचे. लांब वेळूच्या टोकाला केरसुणी बांधून गृहस्थ मान वर करतो आणि वर्षभर ज्याकडे ढुंकून पाहिले नाही ते सत्य त्याच्या दृष्टीस पडते. माजघरातला दिवा गेलेला असतो. न्हाणीतला आठ दिवसांपासून मिणमिणत असतो. पडवीतला कधी गेला हे तर घरात कुणालाच आठवत नाही.

आपल्या भाषेत तेलाचा दिवा 'विझला' म्हणायची चोरी. तो 'शांत झाला' किंवा 'त्याला निरोप दिला' असे म्हणावे लागते. विजेच्या दिव्याला मात्र ही प्रतिष्ठा नाही. तो सरळ 'जातो'. गेलेला माणूस परत येत नाही, पण गेलेला बल्ब महिनोन्महिने आपल्या जागी लटकत राहतो आणि बदलायला जावे तर होल्डर सोडायला तयार नसतो. वाचकहो, या दिवाळीला मी त्याच हट्टी पाहुण्याबद्दल चार शब्द लिहिणार आहे. विषय क्षुल्लक वाटेल, पण याच क्षुल्लक कामात माणसे स्टुलावरून पडली आहेत आणि तारेला चिकटलीही आहेत.

आमचे गाव खांब. नागोठणे मागे टाकून मुंबई-गोवा रस्त्याने कोलाडकडे निघालात की वाटेत लागते. गावाचे नाव ऐकून नवखा पाहुणा हटकून विनोद करतो, "मग काय, तुमच्याकडे दिव्यांना तोटा नसेल!" आम्ही हसतो. हसण्यासारखे आहेच. कोलाडच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी भिरा आहे. टाटांचे तिथले वीजघर १९२७ साली सुरू झाले. घाटमाथ्यावर मुळशीचे धरण. त्या धरणासाठी जमिनी जाऊ नयेत म्हणून १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह मांडला आणि सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले, हे आपण शाळेत वाचलेले असते. धरण झाले, पाणी नळांतून खाली आले, वीज तारांवरून मुंबईला गेली आणि वापरलेले पाणी कुंडलिकेतून कोलाड-रोह्यावरून खाडीला लागले. आजूबाजूच्या बहुतेक खेड्यांत मात्र पुढे कितीतरी वर्षे कंदील आणि चिमण्याच होत्या. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि त्यानंतर हळूहळू खांब गावोगाव आले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

इतक्या उशिरा घरात आलेला दिवा लवकर का जातो आणि गेल्यावर अडकून का बसतो?

जाण्याचे कारण आधी पाहू. जुन्या काचेच्या बल्बात टंगस्टनची बारीक तार असते. हा धातू वितळायला ३,४०० अंश सेल्सिअसच्या वर उष्णता लागते, म्हणून तर तो पांढरा होईस्तोवर तापून टिकतो. तरी तापता तापता तार झिजते आणि एखाद्या जागी फार बारीक होते. बल्ब बहुधा बटण दाबतानाच जातो, हे आपण पाहिले असेल. थंड तारेचा विरोध तापलेल्या तारेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असतो. साहजिकच बटण दाबल्याक्षणी नेहमीच्या अनेक पट प्रवाह तिच्यातून धावतो आणि झिजलेली जागा 'टप्' करून तुटते. दाब वाढला तर आयुष्य आणखी कमी. व्होल्टेज शेकडा पाचने जास्त राहिले, तर अशा बल्बाचे आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते.

गंमत अशी, की बल्ब फार टिकू नये याचीही काळजी घेणारे लोक जगात होऊन गेले. १९२४ साली जिनिव्हात बड्या बड्या बल्ब-कारखानदारांनी एकत्र येऊन 'फीबस' नावाचा संघ केला आणि बल्बाचे आयुष्य हजार तासांवर बांधून टाकले. ज्याचा बल्ब त्याहून जास्त टिके, त्या कारखान्याला दंड! उलट अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर गावी अग्निशामक दलाच्या ठाण्यात १९०१ साली लावलेला एक बल्ब शंभरी ओलांडूनही मंद मंद जळत राहिला. त्याचे गुपित असे, की तो कमी ताकदीने जळतो आणि त्याला कुणी फारसे बंद-चालू करीत नाही.

आता अडकण्याचे कारण. ते बहुतांशी आमच्या कोकणच्या हवेत आहे. बल्बाची टोपी पूर्वी पितळी असे, पुढे ॲल्युमिनिअमची आली. होल्डर पितळी आणि टोपी ॲल्युमिनिअमची, वर चार महिने पावसाची ओल. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना भिडले की त्यांपैकी एकाला गंज चढतो आणि त्याची पांढरी भुकटी दोघांना सिमेंटासारखी सांधते. उष्णतेने होल्डरचे बॅकेलाइट कडक आणि ठिसूळ होते. पडवीत तर आणखी एक भाडेकरू असतो. कुंभारीण माशी मातीच्या गोळ्या आणून होल्डरच्या कडेने आपले घर लिंपते. आश्विनात भात पोटरीला आले की दिव्यावर तुडतुड्यांचा पाऊस पडतो, तेही मरून त्याच फटीत साचतात. असा हा पक्का जोड. त्याला नुसते पिरगाळून काय होणार?

याच मोसमातली गोष्ट. आमच्या आळीत एक म्हातारी आजी एकटी राहते. मुलगा-सून पनवेलला, नातू नोकरीनिमित्त त्याहूनही पुढे. संध्याकाळी जावे तो ओटीवर कंदील.

"आजी, कंदील का लावलास?"

"दिवा गेलाय ना वो मास्तर, ओटीवरचा. नातू यायचाय गणपतीला, तो घालील."

"अगं, गणपती होऊन गेले!"

"मग दिवालीला येल."

आजीच्या या उत्तरात आमच्या सबंध तालुक्याची कहाणी आहे. तरुण मंडळी मुंबई-पनवेलकडे आणि म्हातारी माणसे घर राखायला. गावच्या घरातले गेलेले दिवे कुणाची तरी वाट पाहत लटकत असतात. गणपतीला राहिले तर दिवाळीला, दिवाळीला राहिले तर शिमग्याला.

वाट पाहायला हरकत नव्हती, पण अंधाराचीही एक किंमत असते. आमच्या भागात ओटीच्या कडेला रात्री मण्यार असते, फुरसे असते, विंचू तर असतोच. लाल विंचवाचा दंश कोकणात किती प्राण घेत असे, हे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामामुळे जगाला कळले. त्यांनी त्यावर उपचार बसवला आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. उपचार सापडला ही थोर गोष्ट खरी. पण पाऊल कुठे पडते आहे हे दिसणे, हा त्याहून स्वस्त उपाय आहे. आजीला दिवा हवा होता, आणि तो लवकर हवा होता.

मी म्हटले, "उद्या सकाळी दहाला येतो. आज रात्री काही नाही करायचे." बल्ब बदलण्याचे काम दिवसाउजेडी करावे, हा पहिला नियम. रात्री बॅटरी तोंडात धरून वर चढणारा गृहस्थ एका हाताने बल्ब, दुसऱ्या हाताने भिंत आणि दातांनी बॅटरी सांभाळतो. मग तोल कशाने सांभाळणार?

सकाळी गेलो आणि आधी मेन स्विच बंद करायला निघालो. आजी म्हणाली, "मेन कशाला? बटन तर बंदच हाय."

हीच समजूत घरोघर आहे, म्हणून इथे थोडा थांबतो. बटण बंद केले की होल्डरपर्यंत येणारी जिवंत तार तुटली पाहिजे. तसे जोडणेच योग्य. पण जुन्या घरांत किंवा घाईत केलेल्या कामात बटण कधी कधी उलट्या तारेवर, म्हणजे न्यूट्रलवर बसलेले असते. मग बटण बंद केले की दिवा विझतो, पण होल्डरात वीज तशीच दबा धरून बसते. शिवाय जिन्याच्या दिव्याला दोन बटणे असली, तर कोणते बंद आणि कोणते चालू हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. वीज गेलेली असताना बल्ब काढणे तर सर्वांत धोक्याचे. बटण चालू की बंद ते कळत नाही आणि नेमक्या क्षणी वीज येते. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागले, तेव्हा रायगड जिल्ह्यात विजेचे हजारो खांब आडवे झाले आणि कितीतरी गावे दिवसचे दिवस अंधारात राहिली. त्या दिवसांत घराघरांतली बटणे कोणत्या बाजूला होती, कोण सांगणार? म्हणून वीज असो वा नसो, मेन बंद. आणि मेनजवळ घरातले एक माणूस उभे, म्हणजे दुसरे कुणी उत्साहाने ते चालू करणार नाही.

विजेचे भय किती धरावे, याचा एक हिशेब सांगतो. आजचा नऊ वॉटचा एलईडी बल्ब साधारण चाळीस मिलिअँपिअर प्रवाह घेतो. एवढासा प्रवाह छातीतून क्षणभर गेला, तरी हृदयाचा ठेका बिघडून माणूस दगावू शकतो. कातडी कोरडी असली तर ती बराच अडथळा करते. घामाने किंवा पावसाने भिजली की तो अडथळा पार ओसरतो. कोकणात कोरडा हात किती महिने मिळतो, ते आपण जाणताच. रबरी चपला घालाव्यात, जरूर घालाव्यात, पण चपला म्हणजे कवचकुंडले नव्हेत. मेन स्विचशेजारी गळती ओळखून वीज तोडणारे यंत्र बसवून घ्यावे. ३० मिलिअँपिअरची गळती झाली की ते डोळ्याचे पाते लवायच्या आत वीज तोडते. एका दवाखान्याच्या बिलात अशी कितीतरी यंत्रे येतील.

दुसरे भय पडण्याचे. चढायला हल्ली हाताशी असते ती प्लास्टिकची खुर्ची. ती बसण्यासाठी केलेली असते. तिच्यावर उभे राहून वर जोर लावला की गुळगुळीत लादीवर तिचे पाय फाकतात. तरुण पडला तर लंगडतो, सत्तरीचा पडला तर खुब्याचे हाड मोडून सहा महिने अंथरुणात जातात. लाकडी स्टूल किंवा घोडा घ्यावा आणि तो धरायला खाली माणूस असावे. आजीच्या ओटीवर मी स्टूल मांडले आणि शेजारच्या काकूंना ते धरायला सांगितले.

"मी धरते की," आजी म्हणाली.

"तू मेनपाशी बस. तुझे काम जास्त महत्त्वाचे आहे."

आता अडकलेला बल्ब काढण्याची रीत. आपल्याकडचा नेहमीचा बल्ब दोन पिनांचा. इंग्रजांच्या बंदुकीला संगीन जशी दाबून फिरवून बसवीत, त्याच युक्तीवर तो बेतलेला आहे. इंग्लंडात स्वान आणि अमेरिकेत एडिसन या दोघांनी १८७९च्या सुमारास दिवा केला. एडिसनने आट्यांचा होल्डर रूढ केला, इंग्रजांकडे पिनांचा रुळला आणि राज्याबरोबर तो आपल्याकडे आला. पिनांचा बल्ब आधी वर दाबावा लागतो. होल्डरातल्या दोन खिट्यांखाली स्प्रिंगा असतात, त्या दबल्या की पिना खाचेतून मोकळ्या होतात. मग बरणीचे झाकण उघडतो तसा, घड्याळाच्या काट्यांच्या उलट किंचित फिरवायचा आणि खाली घ्यायचा. बरेच लोक न दाबताच पिरगाळतात, आणि मग टोपी होल्डरात राहून काचच हातात येते.

बल्ब आधी पुरता निवू द्यावा. हाताला जाड कोरडे फडके गुंडाळावे, डोळ्यांना चष्मा असावा, कारण मान वर असते आणि काच नेहमी डोळ्यांकडेच पडते. काचेवर चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे दिले तर फुटली तरी विखरत नाही. मग दाबायचे, किंचित उजवीकडे, किंचित डावीकडे असे हलवायचे. गंजाची भुकटी सैल व्हायला हे पुढे-मागे हलवणेच उपयोगी पडते. सगळा जोर एकाच बाजूला लावू नये. कुंभारणीचे घर असेल तर ते आधी सुकी काडी घेऊन उकरावे. तेल, रॉकेल, पाणी काही ओतू नये. होल्डर हे कुलूप नव्हे.

आजीचा बल्ब जुन्या काचेचा. काच आणि टोपी सांधणारा लेप इतका जुना झालेला, की हळू हलवता हलवता काच अलगद सुटली आणि टोपी वर राहिली. काचेच्या देठातून निघालेल्या दोन बारीक तारा लोंबत होत्या. मेन चालू असता तर त्या तारा म्हणजे नागाच्या जिभाच! अशा वेळी लांब टोकाची पक्कड घ्यावी, टोपीची कड तिने आत वाकवून घट्ट धरावी, वर दाबावी आणि उलट फिरवावी. टोपी पातळ पत्र्याची असते, चुरगळली की भिंतीपासून सुटते. तशीच ती सुटली.

या जागी अनेक जण बटाट्याची युक्ती सांगतात. फुटलेल्या बल्बात अर्धा बटाटा खुपसायचा आणि फिरवायचा! ही युक्ती आट्यांच्या बल्बाच्या देशातली आहे. आपला पिनांचा बल्ब दाबावा लागतो, आणि दाबला की काच बटाट्यातून तळहाताकडे येते. शिवाय बटाट्याचे पाणी होल्डरात जाते ते वेगळेच. बटाटा भाजीत घालावा.

पकडीनेही टोपी न सुटली, तर झगडू नये. होल्डरच बदलावा. तो स्वस्त असतो आणि बहुधा बदलण्याच्याच लायकीचा झालेला असतो. खिट्या काळ्या पडल्या असतील, स्प्रिंग मेली असेल किंवा बॅकेलाइटला चीर गेली असेल, तर नवा बल्बही त्यात टिकणार नाही. हे काम मात्र माहितगार वायरमनचे. हात दाखवून अवलक्षण करू नये.

काच फुटून खाली पडली तर कोणत्या दिव्याची, ते पाहावे. साध्या बल्बाची काच केरसुणीने गोळा करून, शेवटी ओल्या फडक्याने बारीक कण टिपून, कागदाच्या चार घड्यांत बांधून टाकावी. वर 'काच' असे लिहावे, कचरा वेचणाऱ्याचेही हात हातच असतात. पण मधल्या काळात घरोघर आलेला पिळाचा सीएफएल आणि आपली लांब ट्यूबलाईट यांत थोडा पारा असतो. ते फुटले तर मुलाबाळांना बाहेर काढावे, दारे-खिडक्या उघडून, पंखा बंद ठेवून दहा-पंधरा मिनिटे थांबावे. केरसुणी मारू नये, त्याने पारा पसरतो. जाड पुठ्ठ्याने तुकडे उचलावेत, भुकटी चिकटपट्टीने टिपावी आणि सगळे झाकणाच्या बरणीत बंद करावे. असा दिवा ई-कचऱ्यात द्यायचा असतो, उकिरड्यावर नव्हे.

एलईडीत पारा नाही. २०१५च्या जानेवारीत केंद्र सरकारची 'उजाला' योजना निघाली आणि हे बल्ब स्वस्त होऊन खेड्यापाड्यांत पोचले. त्यांत तार जळत नाही. जातो तो बहुधा पोटातला छोटा विद्युत्संच, आणि तो जातो उष्णतेने. म्हणून बंद काचेच्या हंडीत एलईडी कोंडू नये. आकाशकंदिलात मात्र तोच बरा, कारण साठ वॉटच्या जुन्या बल्बाने कागद करपतो. कंदिलाची वायर नुसती पिळून जोडू नये, आणि दवात भिजेल अशी उघडी ठेवू नये.

आजीच्या ओटीवर नवा होल्डर बसला तो वायरमनकडून. माझ्या सांगण्यावरून त्याने तो तुळईवरून काढून भिंतीवर, हात पोचेल एवढ्या उंचीवर आणला. यापुढे कुणालाही स्टूल लागणार नाही. दिवा लागल्यावर आजीने त्याला हात जोडले आणि म्हणाली, "आता नातू आला की काय काम सांगू त्याला?"

"त्याला बसवून गोड खायला घाल," मी म्हटले.

वाचकहो, हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आपण गावी निघाला असाल किंवा पोचलाही असाल. भाऊबीज आटोपून परतण्याआधी एक सकाळ काढा. मेन बंद करा आणि घरातला एकेक दिवा पाहून घ्या. गेलेले बदला, अडकलेले सोडवा, उंचावरचे खाली घ्या, दोन बल्ब फडताळात जास्तीचे ठेवा आणि गावातल्या वायरमनचा नंबर भिंतीवर ठळक लिहून ठेवा. आईवडिलांना साडी-धोतर आपण आणतोच. ओटीवरचा उजेड त्यांना वर्षभर पुरतो.

आणि काम करताना घाई वाटली, तर शीर्षकातला हिशेब आठवा. बल्ब शंभर रुपयांत केव्हाही मिळतो.